बाटली भरलेली, रेडिएटर रिकामा: खंबाटकीत तापलेल्या गाडीचं प्रकरण

गाडी २०१२ ची, १.२ लिटरची चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक. ब्लॉक (सिलिंडर असलेला मुख्य ठोकळा) आणि हेड (त्यावर बसणारा वरचा भाग) दोन्ही ॲल्युमिनियमचे. रेडिएटरची जाळी ॲल्युमिनियमची, वरची आणि खालची टाकी प्लास्टिकची. फॅन विजेवर चालणारा. प्रेशर कॅप रेडिएटरच्या वरच्या टाकीवर, आणि शेजारी बिनदाबाची, अर्धपारदर्शक प्लास्टिकची रिझर्व्ह बाटली. ९६ हजार किलोमीटर झालेले. तक्रार एका ओळीची होती: ‘घाटात तापते, एरवी ठीक चालते, पाणी भरपूर आहे.’

या ओळीतला शेवटचा भाग चुकीचा होता, आणि प्रकरण लांबलं ते त्याच्यामुळे.

आधीचे दोन महिने

मार्च २०२३ मध्ये रिझर्व्ह बाटलीतली पातळी ‘लो’ खुणेच्या खाली गेलेली दिसली. मालकाने बाटलीत बोअरचं पाणी घालून ती ‘फुल’ खुणेपर्यंत भरली. त्यानंतर पातळी पुन्हा उतरली नाही. उलट दोनदा ती खुणेच्या वर गेली, म्हणून थोडं पाणी काढूनही टाकलं. बाटली रोज बघितली जायची, भरलेली असायची, म्हणजे गळती नाही असं सगळ्यांनी धरलं. रेडिएटरची कॅप या काळात एकदाही उघडली गेली नाही. पार्किंगच्या फरशीवर डाग नव्हता, त्यामुळे शंका यायचं कारणही नव्हतं.

मे महिन्यात पुण्याहून साताऱ्याकडे जाताना, भर दुपारी, गाडीत पाच माणसं आणि एसी चालू असताना खंबाटकी घाटाचा चढ लागला. शिरवळपर्यंत सपाटीवर काटा मध्यावर होता. चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, ट्रकच्या मागे, ताशी तीस-पस्तीसच्या वेगाने जाताना काटा वर सरकायला लागला. पाऊण खुणेवर आला तेव्हा एसी बंद केला. तरी तो ‘एच’ला टेकला. मग दहा-पंधरा सेकंदांत आपोआप खाली येऊन मध्याच्याही खाली बसला.

गाडीत सुटकेचा निःश्वास टाकला गेला. फॅन लागला असणार, असं चालकाला वाटलं. गाडी पुढे आणखी दीड-दोन किलोमीटर चालली. मग ओढ कमी झाली, ॲक्सिलरेटर दाबला की टिकटिक आवाज येऊ लागला, आणि बॉनेटच्या कडेने वाफ दिसली. तेव्हा गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं.

काटा खाली आला तो इंजिन थंड झालं म्हणून नव्हे. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाण्याचा स्पर्श असेल तोवरच तो खरं सांगतो. पातळी त्याच्या खाली गेली की तो वाफेत आणि हवेत उघडा पडतो. वाफ-हवेचं मिश्रण धातूची उष्णता पाण्याइतकी त्याच्यापर्यंत पोचवत नाही, म्हणून आकडा पडतो. त्याच वेळी हेडमधली धातू जास्तच तापत असते, कारण तिच्यावरूनही पाणी गेलेलं असतं. चढावर, भाराखाली, काही न करता काटा झपकन पडला तर त्याचा अर्थ एकच धरायचा: पाणी संपलं, लगेच थांबा. खात्री हवी असेल तर हीटर पूर्ण गरमवर फिरवायचा. इंजिन तापलेलं असताना हीटरमधून गार हवा आली तर हीटरच्या जाळीपर्यंत पाणी पोचतच नाहीये.

रस्त्यावरचं निदान

तासाभराने जवळच्या एका मेकॅनिकने कॅप उघडली, एक-एक लिटरच्या दोन बाटल्या पाणी ओतलं, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) काढून टाकला आणि इंजिन चालू केलं. रिझर्व्ह बाटलीत बुडबुडे येत होते. ‘गॅस्केट गेलंय साहेब, हेड उतरवावं लागेल.’ गॅस्केट म्हणजे ब्लॉक आणि हेड यांच्यामधला सांधा बंद ठेवणारा पातळ थर. संध्याकाळी एसी न लावता, सावकाश, गाडी सुरूर फाट्यावरून साताऱ्यात आणली गेली.

त्या मेकॅनिकने एक गोष्ट बरोबर केली: तासभर थांबला. तापलेल्या इंजिनाची कॅप उघडली तर दाबाखाली १०० अंशांच्या वर असलेलं पाणी क्षणात वाफ होऊन हातातोंडावर येतं. आणि कोरड्या, अतिशय तापलेल्या हेडमध्ये गार पाणी ओतलं तर ॲल्युमिनियम तडकू शकतं. वरचा होज, म्हणजे इंजिन आणि रेडिएटर जोडणारा रबरी पाइप, हाताला सोसवेल इतका निवेपर्यंत थांबायचं. त्याला पाऊण तास ते तास लागतो. मग जाड फडक्याने कॅप पहिल्या खाचेपर्यंत फिरवून दाब जाऊ द्यायचा, आणि तेव्हाच पूर्ण उघडायची.

निदानाबद्दल मात्र तसं म्हणता येत नाही. रिकामी झालेली यंत्रणा दोन बाटल्या ओतून चालू केली की आत अडकलेली हवा बाहेर पडणारच, आणि ती बुडबुड्यांच्याच रूपाने पडते. गॅस्केट फुटल्याने येणारे बुडबुडे वेगळे वागतात: ते थंड इंजिन चालू केल्यावर पहिल्या मिनिटापासून दिसतात, ॲक्सिलरेटरबरोबर वाढतात आणि अर्ध्या तासानेही थांबत नाहीत. अडकलेल्या हवेचे कमी होत होत संपतात. हा फरक बघायला वीस मिनिटं लागतात, हेड उतरवायला दोन दिवस.

दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड इंजिनावर

तपासणीची सुरुवात रेडिएटरच्या कॅपपासून झाली. कॅप उघडली तेव्हा वरच्या टाकीत पाणी दिसत नव्हतं. मोजपात्राने भरलं तर ६५० मिलिलिटर मावलं. त्याच वेळी शेजारची बाटली ‘फुल’ खुणेच्या बोटभर वर होती.

कोड्याचा अर्धा उलगडा इथेच आहे. ही बाटली म्हणजे टाकी नव्हे, ती नुसती ये-जा करण्याची जागा आहे. इंजिन गरम झालं की पाणी प्रसरण पावतं, कॅपची स्प्रिंग ठरलेल्या दाबाला उचलली जाते आणि जास्तीचं पाणी नळीने बाटलीत जातं. इंजिन थंड होताना आत पोकळी तयार होते, कॅपच्या मधली छोटी झडप उघडते आणि तेच पाणी परत ओढलं जातं. आता यंत्रणेत वरच्या बाजूला कुठेतरी बारीक भेग असेल तर? थंड होताना पोकळीला बाटलीतून पाणी उचलून आणण्यापेक्षा भेगेतून हवा ओढणं सोपं जातं. पाणी बाटलीत जातं, परत येत नाही. दर फेरीला रेडिएटर थोडा रिकामा होतो आणि बाटली भरलेली राहते, कधी जास्तच भरते. मालकाने दोनदा काढून टाकलेलं पाणी हे खरं तर रेडिएटरचं होतं.

६५० मिलिलिटरमधला काही भाग आदल्या दिवशीच्या अडकलेल्या हवेचा होता, हेही लक्षात ठेवलं. पण रस्त्यावर ओतलेले दोन लिटर आणि हे मिळून हिशेब अडीच लिटरच्या वर जातो. या गाडीत बाटली सोडून सुमारे ४.६ लिटर मावतं. म्हणजे घाटात गाडी निम्म्या पाण्यावर चढत होती. सपाटीवर, वाऱ्याच्या झोतात, कमी भारावर तेवढं पाणी निभावून नेतं. चढावर इंजिनाची उष्णता वाढते, वेग कमी असल्याने वारा मिळत नाही, आणि एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या समोर बसलेला असल्याने रेडिएटरपर्यंत पोचणारी हवाच आधी तापलेली असते. ‘एरवी ठीक चालते’ याचा अर्थ एवढाच होता.

पाणी गेलं कुठे?

कमी झालेलं पाणी तीनच ठिकाणी जाऊ शकतं: बाहेर, सिलिंडरमध्ये, किंवा ऑइलमध्ये. क्रम ठरवताना स्वस्त आणि काही न उघडता होणाऱ्या तपासण्या आधी घेतल्या.

ऑइलची काठी स्वच्छ निघाली, ऑइलची पातळी वाढलेली नव्हती. ऑइल भरायच्या झाकणाखाली किंचित पिवळट लोण्यासारखा थर होता. यावरून घाबरायचं नसतं. गावात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत आतला दमटपणा तिथे साचतो. काठीवर दुधाळ ऑइल आलं असतं तर गोष्ट वेगळी. सायलेन्सरमधून थंड असताना थोडी वाफ येत होती, पाच मिनिटांत थांबली. गोडसर वास नव्हता.

मग गाडी उचलून इंजिनाखालचा प्लास्टिकचा पत्रा काढला. क्लिपा आणि दोन बोल्ट, एवढंच काम. पत्र्याच्या आतल्या बाजूला, पुढच्या कोपऱ्यात, हाताच्या पंजाएवढा वाळलेला डाग होता: पांढरी क्षारांची पापडी आणि तिच्या कडेला जुन्या कूलंटची फिकट हिरवी झाक. फरशीवर थेंब का पडत नव्हता ते कळलं. गळालेलं पाणी या पत्र्यावर साचायचं आणि इंजिनाच्या उष्णतेने तिथेच सुकायचं. क्षार मागे राहायचे. बोअरचं पाणी घातलं नसतं तर डाग इतका ठळक नसता, हा त्यातला योगायोग.

डागाच्या वर बघत गेलं तर फॅनच्या चौकटीवर खालून वर जाणारी एक बारीक पांढरी रेघ. ती रेडिएटरच्या वरच्या टाकीकडे जात होती, जिथे वरचा होज बसतो त्या बाजूला. वॉटर पंपाखालचं गळतीचं छिद्र कोरडं होतं, पुलीला हात लावून हलवल्यावर खडखड नव्हती. पंप बाजूला पडला.

दाबाची चाचणी: थंड आणि गरम

कॅपच्या जागी हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावला आणि कॅपवर लिहिलेल्या दाबापर्यंत, म्हणजे ०.९ बारपर्यंत दाब दिला. यापेक्षा जास्त द्यायचा नाही. अकरा वर्षं जुना हीटरचा गाभा, म्हणजे त्याची जाळी, तपासणीतच फोडण्यात अर्थ नाही. दहा मिनिटांनी काटा ०.८८ वर. जवळपास पास.

पुष्कळ ठिकाणी तपासणी इथेच थांबते आणि ‘बाहेर गळती नाही, म्हणजे गॅस्केट’ असा निष्कर्ष निघतो. पण प्लास्टिकच्या टाकीची भेग थंड असताना मिटलेली असू शकते. म्हणून टेस्टर तसाच ठेवून, दाब पूर्ण सोडून, इंजिन चालू केलं. टेस्टर आधीच लावलेला असल्याने गरम कॅप उघडायचा प्रश्नच येत नाही, दाब ०.९ च्या वर जायला लागला तर टेस्टरच्या झडपेने सोडायचा.

इथे काटा दोन गोष्टी सांगतो. पहिली, दाब किती वेगाने वाढतो. गॅस्केट फुटलेलं असेल तर इंजिन अजून कोमट असतानाच, मिनिट-दोन मिनिटांत, दाब चढतो आणि वरचा होज दगडासारखा कडक होतो, कारण जळालेला वायू थेट पाण्यात घुसतो. इथे पहिली पाच मिनिटं काटा हललाच नाही, मग पाणी तापत गेलं तसा सावकाश चढला. गॅस्केट शाबूत असल्याचा हा पहिला चांगला पुरावा.

दुसरी गोष्ट ०.७ बारला घडली. फॅन एकदा लागून बंद झाल्यावर बारीक ‘सूं’ असा आवाज येऊ लागला आणि काटा वर जायचा थांबला. जाड हातमोजा घालून वरचा होज किंचित खाली दाबला तेव्हा टाकीच्या नळकांड्याच्या बुडाशी, खालच्या बाजूने, पाण्याची केसाएवढी रेघ उमटली. सोडला की नाहीशी. बॅटरीच्या प्रकाशात आरसा धरून पाहिलं तर नळकांड्याच्या मुळाशी अर्धगोल भेग, साधारण बारा मिलिमीटर लांब. वरून दिसूच शकली नसती.

कारण अंदाजाचं आहे, पण खुणा बोलक्या होत्या. होज कधीतरी बदललेला होता आणि मूळ स्प्रिंगच्या क्लॅम्पऐवजी स्क्रूचा क्लॅम्प इतका आवळलेला होता की रबरात खोल वळ उठला होता. दहा वर्षांच्या तापण्या-निवण्याने ही टाकी ठिसूळ झालेली असते. स्प्रिंगचा क्लॅम्प प्लास्टिकबरोबर कमीजास्त होतो, स्क्रूचा होत नाही.

कॅप

दोनशे-अडीचशे रुपयांची ही वस्तू सगळ्यात कमी तपासली जाते. जुनी कॅप टेस्टरवर लावली तर ०.४ बारलाच सुटत होती. खालच्या रबरावर खोल खाच पडली होती आणि तिच्यात क्षाराचा एक कण बसला होता.

याचा परिणाम थेट उकळण्यावर होतो. साधं पाणी ०.९ बार दाबाखाली सुमारे ११८ अंशांना उकळतं. ०.४ बारला तेच १०९ वर येतं. भेगेतून दाब निघूनच गेला तर १००, घाटाच्या उंचीवर त्याहून दोनेक अंश कमी. निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य द्रव्य) असलेलं कूलंट उघड्यावरही १०७-१०८ पर्यंत तग धरतं. पण या गाडीतलं द्रावण रिफ्रॅक्टोमीटरवर (कूलंटचं प्रमाण मोजणाऱ्या उपकरणावर) दहा टक्क्यांच्याही खाली भरलं, म्हणजे नावापुरतं कूलंट. चांगल्या यंत्रणेत चढावर १००-१०५ अंश ही रोजची गोष्ट आहे; या गाडीत तिथेच उकळी सुटत होती. उकळी सुटली की वाफेचे कप्पे तयार होतात, पंप वाफ ढकलू शकत नाही, आणि मग पुढचं सगळं दोन-तीन मिनिटांत घडतं.

आता गॅस्केटचा प्रश्न

बाहेरची गळती सापडली म्हणून गॅस्केट निर्दोष सुटलं असं होत नाही. गळती हे कारण, आणि तापल्याने बिघडलेलं गॅस्केट हा त्याचा परिणाम, असं दोन्ही एकाच गाडीत असू शकतं. रेडिएटर बदलून गाडी परत गेली आणि आठवड्याने पुन्हा तापत आली, अशा गाड्यांत बहुतेक वेळा हाच दुसरा भाग तपासायचा राहिलेला असतो.

तीन तपासण्या झाल्या. पहिली निळ्या द्रावणाची. रेडिएटरच्या तोंडावर काचेची नळी बसवून, इंजिन गरम चालू असताना, रबरी फुग्याने रेडिएटरमधली हवा त्या द्रावणातून ओढायची. जळालेल्या वायूतला कार्बन डायऑक्साइड आला तर पेट्रोल गाडीत निळं द्रावण पिवळं पडतं. रेडिएटरमधली पातळी आधी चार-पाच सेंटिमीटर खाली घ्यावी लागते. कूलंट नळीत शिरलं तर द्रावण वाया जातं आणि रंग फसवतो. दोन मिनिटं ओढल्यावर रंग निळाच राहिला. बारीक गळती भाराखालीच उघडते, म्हणून नवीन रेडिएटर बसवल्यानंतर, गाडी चढावर चालवून आणून, हीच चाचणी पुन्हा घेतली. पुन्हा निळाच.

दुसरी कॉम्प्रेशनची. चारही प्लग काढून, इंधनाच्या पंपाचा फ्यूज आणि इग्निशनची जोडणी काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला. आकडे १८२, १८०, १७६ आणि १८१ पीएसआय. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली असते तर त्यांच्यामधलं गॅस्केट गेलं असं म्हणता आलं असतं. प्लगची टोकं चारही सारख्या तपकिरी रंगाची होती. पाणी जाणाऱ्या सिलिंडरचा प्लग वाफेने धुतल्यासारखा पांढरा स्वच्छ दिसतो.

तिसरी सगळ्यात भरवशाची, आणि सगळ्यात कंटाळवाणी म्हणून टाळली जाणारी. नवा रेडिएटर बसवल्यावर थंड यंत्रणेला ०.९ बार दाब देऊन, प्लग काढून, रात्रभर ठेवलं. सकाळी दाब ०.८६. सेल्फ मारला, एकाही भोकातून पाण्याचा थेंब उडाला नाही.

यातली एक जरी नापास झाली असती तर हेड उतरवणं भाग होतं. तेव्हा नुसतं नवीन गॅस्केट टाकून चालत नाही. हेडच्या पृष्ठभागावर सरळपट्टी उभी, आडवी आणि दोन्ही तिरक्या रेषांत ठेवून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) फट मोजावी लागते. अशा छोट्या ॲल्युमिनियम हेडला बहुधा ०.०५ मिलिमीटरची मर्यादा असते. नक्की आकडा त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यायचा. त्यापुढे गेलं तर हेड सपाट करायला मशीन शॉपमध्ये जातं. ही गाडी वाचली याचं श्रेय नशिबालाही आहे: पाणी गेल्यावर ती दीड-दोन किलोमीटरच चालली. आणखी पाच चालली असती तर हा लेख वेगळ्या आकड्यांचा झाला असता.

थर्मोस्टॅट परत

काढलेला थर्मोस्टॅट डॅशच्या खणात कागदात गुंडाळून ठेवलेला होता. पातेल्यात पाणी घेऊन, थर्मोस्टॅट दोऱ्याने बुडाला न टेकता टांगून, थर्मामीटर लावून तापवला. ८३ अंशांना उघडायला लागला, ९५ ला पूर्ण उघडला. त्यावर छाप ८२ चा होता. म्हणजे तो ठणठणीत होता.

‘आपल्याकडे गरमच आहे, थर्मोस्टॅट कशाला?’ हा समज इतका पक्का आहे की त्यावर थोडं थांबायला हवं. या इंजिनात थर्मोस्टॅट उघडतो तेव्हा त्याची मागची चकती आडवाटेचा मार्ग बंद करते. तो काढला की ती वाट कायमची उघडी राहते आणि गरम पाण्यातला काही भाग रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरत राहतो. हलक्या भारावर इंजिन जास्त गार, चढावर हवं तेवढं गार नाही, असे दोन्ही तोटे. गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणाऱ्या स्कॅनरवर हे दिसलंही: थर्मोस्टॅटशिवाय सपाटीवर ताशी ६० च्या वेगाने तापमान ६८-७० च्या वर जात नव्हतं. इतक्या कमी तापमानावर इंजिनाचा मेंदू इंजिन थंडच समजून जादा पेट्रोल देत राहतो.

जुना चालला असता, तरी एवढं सगळं उघडलंय तर नवीनच टाकला, नव्या रबरी रिंगसह. त्यावरची हवा सोडणारी लहान झडप वरच्या बाजूला येईल असा बसवला. ती खाली आली तर हवा अडकते.

काय बदललं, कसं भरलं

रेडिएटर नवा. भेगेवर इपॉक्सीचा लेप लावायचा पर्याय मालकाने विचारला होता. टाकीच्या, काचेचे तंतू मिसळलेल्या नायलॉनवर, दाबाखाली आणि ११० अंशांत, तो घरापर्यंत पोचण्यापुरता असतो. रेडिएटरमध्ये हळद टाकायचा ट्रकवाल्यांचा जुना उपायही निघाला. हळद भेग बुजवते हे खरं, पण ती बारीक नळ्या आणि हीटरचा गाभाही तितक्याच निष्ठेने बुजवते. वरचा होज आणि दोन्ही टोकांना स्प्रिंगचे क्लॅम्प नवे. कॅप ०.९ बारचीच. १.१ ची लावली तर आणखी चांगलं, असा सल्ला मिळतो तो ऐकायचा नाही. जुने होज आणि हीटरचा गाभा जास्त दाबाला बनवलेले नाहीत. तापलेलं ऑइल पातळ पडून आपलं काम गमावतं, म्हणून ऑइल आणि फिल्टरही बदलला.

बोअरच्या पाण्याचे क्षार काढण्यासाठी यंत्रणा हीटर उघडा ठेवून क्षारविरहित पाण्याने तीनदा धुतली. हेच पाणी बॅटरीसाठी कॅनमध्ये मिळतं. प्रत्येक वेळी इंजिन फॅन लागेपर्यंत चालवून, निवू देऊन, खालून सोडलं. तिसऱ्यांदा पाणी स्वच्छ आलं.

भरताना एक बारीक हिशेब असतो. खालचा नळ सोडला तरी ब्लॉकमध्ये लिटरभर साधं पाणी राहतंच. तयार मिश्रण ओतलं तर ते पातळ होतं. म्हणून आधी १.८ लिटर कॉन्सन्ट्रेट ओतलं, मग उरलेली जागा क्षारविरहित पाण्याने भरली. ४.६ लिटरला हे साधारण चाळीस टक्के होतं. नंतर रिफ्रॅक्टोमीटरवर ३९ आलं. महाराष्ट्रात गोठण्याचा प्रश्न नसला तरी गंजरोधक द्रव्यं आणि उकळबिंदू यांसाठी कूलंट लागतंच. रंग बघून कूलंट निवडायचं नाही. हिरवा, लाल, गुलाबी यांना काही सर्वमान्य अर्थ नाही. गाडीच्या पुस्तिकेतला प्रकार बघायचा, आणि आधीचं काय आहे ते माहीत नसेल तर पूर्ण धुवूनच नवीन भरायचं.

हवा काढायला पुढची चाकं रॅम्पवर घेतली, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच. कॅप उघडी, हीटर पूर्ण गरम, इंजिन आयडलवर. वरचा होज अधूनमधून दाबत राहिलं की बुडबुडे सुटतात. साधारण बारा मिनिटांनी थर्मोस्टॅट उघडला: पातळी एकदम खाली गेली, खालचा होज गरम झाला. ३०० मिलिलिटर आणखी मावलं. फॅन दोनदा लागून बंद झाला, हीटरमधून सलग गरम हवा आली, मग कॅप लावली आणि बाटली दोन खुणांच्या मध्यापर्यंत भरली. दुसऱ्या दिवशी थंड असताना रेडिएटरमध्ये ५० मिलिलिटर आणखी गेलं. त्यानंतर नाही.

पुन्हा तोच चढ

चाचणी त्याच घाटात, त्याच उन्हाच्या वेळी, पाच माणसं आणि एसी चालू ठेवून घेतली. गाडीतला काटा साधारण ७५ ते १०५ अंशांत मध्यावरच चिकटून राहतो, म्हणून ओबीडी स्कॅनर लावून खरा आकडा बघितला. सपाटीवर ८८ ते ९१. चढाच्या मध्यावर ९७, माथ्याजवळ ट्रकमागे रखडताना १०१, फॅन लागला आणि ९५. वेळ्याकडे उतरताना ८७. माथ्यावर थांबून हात लावला तर वरचा होज टणक आणि नळकांड्याची जागा कोरडी.

मालकाला एकच काम सांगितलं होतं: महिनाभर दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, बाटलीबरोबर कॅप उघडून रेडिएटरचं तोंडही बघायचं. पाच रविवार पाणी काठोकाठ होतं. बाटलीवर त्याने स्केचपेनने दोन रेघा ओढल्या आहेत, एक थंड असतानाची, एक गावाहून आल्यावरची. दोघींमध्ये दोन बोटांचं अंतर आहे, आणि सकाळी पातळी परत खालच्या रेघेवर असते.